‘पावसाचा लहरीपणा’ की ‘पावसातील स्थित्यंतरं’? नेम नसलेल्या बदलांसाठी शब्द निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लेखात लिहिलं होतं, ‘पावसाच्या लहरीपणामुळे पिकाचा अंदाज चुकला.’ मुद्रितशोधकाने ते ‘पावसातील स्थित्यांतरांमुळे’ असं केलं, कारण ‘लहरीपणा’ हा त्यांच्या मते बोलीतला शब्द आहे. तुमच्या डोक्यात मूळ इंग्रजी शब्द ‘व्हेगरीज’ होता, म्हणून तुम्ही विचारता आहात की त्याला प्रमाण मराठीत नेमका एक शब्द कोणता.

तुमच्या वाक्यापुरतं उत्तर सरळ आहे: ‘लहरीपणा’ बरोबर होता. दुरुस्ती अर्थाने चुकली आणि शुद्धलेखनानेही चुकली. पण ‘नेमका एक शब्द कोणता’ याचं उत्तर ‘असा एक शब्द नाही’ असं आहे, आणि ते का हे समजलं तर पुढच्या वेळी कोश न उघडताही शब्द सापडेल.

इंग्रजीतला तो शब्द मूळचा लॅटिन, अर्थ ‘भटकणे’. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा तो खरोखरच भटकंतीसाठी वापरत. मग मनाची भटकंती, मग मनाची लहर, आणि शेवटी हवामान, बाजार, दैव यांचं मनमौजी वागणं असा त्याचा प्रवास झाला. आज तो बहुतेक अनेकवचनातच येतो आणि एका दमात तीन गोष्टी सांगतो: बदल होतात, पुन्हा पुन्हा होतात, आणि कधी होतील ते आधी कळत नाही. मराठीत या तीन गोष्टी वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतल्या आहेत. त्यामुळे आपल्या वाक्यात यांतल्या कोणत्या गोष्टीवर भार आहे, हे आधी ठरवावं लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘बदल’ आणि ‘अंदाज न येणं’ या दोन्हींना एकच समजण्यातून होतो. भरती-ओहोटी घ्या. पाण्याची पातळी दिवसभरात कितीतरी वर-खाली होते, पण तिचं वेळापत्रक आधी छापता येतं. समुद्राला आपण लहरी म्हणू, भरतीला कोणी म्हणणार नाही. आता आकडे घ्या. एका वस्तूचा भाव पाच दिवस १००, १०२, ९८, १०१, ९९ असा राहिला आणि दुसरीचा १००, १२०, ८०, ११०, ९०. दोन्हींची सरासरी १००च आहे. दोन्हींत चढउतार आहेत, पण दुसरीचा भाव जास्त अस्थिर आहे. तिसरी वस्तू ११०, ९०, ११०, ९० अशी न चुकता चालत असेल तर तिच्यात चढउतार मोठे आहेत, पण लहरीपणा अजिबात नाही, कारण उद्याचा भाव आजच सांगता येतो. म्हणजे ‘चढउतार’ हा शब्द हालचाल दाखवतो, ‘अस्थिरता’ त्या हालचालीचं प्रमाण, आणि ‘लहरीपणा’ अंदाजाबाहेर जाणं. तीन वेगळी कामं आहेत.

आता ‘लहर’. मूळ संस्कृत ‘लहरि’, म्हणजे लाट. मराठीने त्यात गंमत केली. पाण्याची मोठी ती ‘लाट’ आणि हलकी ती ‘लहर’ अशी वाटणी झाली, आणि मनात अचानक उठून विरून जाणारी इच्छा तीही ‘लहर’. म्हणून मतदारांची लाट वेगळी आणि मतदारांची लहर वेगळी. पहिलीने सरकार येतं, दुसरीने उमेदवाराची झोप जाते. थंडीचीही मराठीत ‘लाट’च येते, ‘शीतलहर’ हिंदीतून येते आणि मराठी कानाला खटकते.

या शब्दाची व्याकरणाची बाजू नीट सांभाळावी लागते. ‘लहर’ हे स्त्रीलिंगी नाम, त्याचं अनेकवचन ‘लहरी’. आणि ‘लहरी’ हे विशेषणही आहे: लहरी माणूस, लहरी पाऊस. शिवाय ध्वनिलहरी, रेडिओलहरी यांत तोच शब्द शुद्ध शास्त्रीय अर्थाने बसला आहे. त्यामुळे ‘समुद्राच्या लहरींचा अभ्यास’ असं लिहिलंत तर वाचकाला पाण्याच्या लहरी दिसतील, समुद्राचे चोचले नाहीत. संदिग्धता नको असेल तर ‘लहरीपणा’ वापरा. तो पुल्लिंगी आहे, भाववाचक आहे आणि एकवचनातच राहतो. इंग्रजी शब्द अनेकवचनी आहे म्हणून मराठीतही अनेकवचन करायच्या नादात ‘पावसाचे लहरीपणे’ असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. ते चूकच, कारण ‘-पणे’ लागलं की मराठी वाचक त्याला ‘शांतपणे’, ‘स्पष्टपणे’ यांसारखं क्रियाविशेषण म्हणून वाचतो. अनेक वेळा घडतं हे दाखवायचंच असेल तर क्रियापद कामाला लावा: ‘पाऊस पुन्हा पुन्हा लहरीपणा दाखवतो.’

आणि हा शब्द बोलीतला आहे का? नाही. ‘लहरी’ला ‘-पणा’ हा मराठीचा सर्वांत कष्टाळू प्रत्यय लागला आहे, एवढंच. ‘-ता’ लागलेला शब्द प्रमाण आणि ‘-पणा’ लागलेला गावठी, ही समजूत निराधार आहे.

तरी एक अट आहे. ‘लहर’ म्हटलं की तिच्यामागे मन असल्याचा भास येतो. पावसाला, समुद्राला, नशिबाला, बाजाराला आपण मन बहाल केलेलं आहे, तिथे हा शब्द शोभतो. रक्तदाबाला नाही. ‘रुग्णाचा रक्तदाब लहरी आहे’ हे विनोदी वाटेल. तिथे ‘रक्तदाब वरखाली होतो’ किंवा ‘रक्तदाबातील चढउतार’ लिहावं. यंत्राबद्दल गप्पांत ‘लहरी’ चालेल, दुरुस्तीच्या अर्जात चालणार नाही, कारण दुरुस्ती करणाऱ्याला ‘सुरू केल्यावर दहा मिनिटांनी बंद पडतं’ हे हवं असतं.

याच मनाच्या भासामुळे एक जबाबदारीही येते. ‘पावसाच्या लहरीपणामुळे पाणीटंचाई’ असं लिहिलं की दोष पावसावर गेला. प्रत्यक्षात साठवणीत किंवा वाटपात चूक असेल तर हा शब्द ती झाकतो. बातमीत हा शब्द दिसला की मी आधी विचारतो: पाऊस खरोखर अनियमित होता का, की नियोजन? भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात जून ते सप्टेंबरचा देशाचा दीर्घकालीन सरासरी पाऊस १९७१ ते २०२० या काळावरून ८७ सेंटिमीटर धरलेला आहे, आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के पडला की ते वर्ष ‘सर्वसाधारण’ ठरतं. म्हणजे एकूण बेरीज सर्वसाधारण असूनही पाऊस लहरी असू शकतो: पेरणीनंतर तीन आठवडे कोरडे आणि मग चार दिवसांत सगळी भरपाई. लहरीपणा बेरजेत दिसत नाही, वाटणीत दिसतो. उलट, चारही महिने सारखाच कमी पडलेला पाऊस ‘अपुरा’ असतो. त्याला लहरी म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

आता तुमच्या मुद्रितशोधकाचा शब्द. ‘स्थित्यंतर’ म्हणजे एक स्थिती जाऊन दुसरी येणं. त्यात कालावधी आहे, दिशा आहे, आणि बहुधा परत न फिरणं आहे. शेतीप्रधान समाज उद्योगप्रधान होतो, राजसत्ता जाऊन लोकसत्ता येते, मुलगा तरुण होतो: ही स्थित्यंतरं. ती अनपेक्षित असतीलच असं नाही. पुष्कळदा वर्षानुवर्षं दिसत येतात. सोमवारी पडून मंगळवारी गायब झालेला पाऊस हे कसलंही स्थित्यंतर नव्हे. त्यांचा गोंधळ का झाला असेल याचा अंदाज करता येतो. इंग्रजीत ‘व्हिसिसिट्यूड’ असा दुसरा शब्द आहे, तो पाळीपाळीने येणाऱ्या बऱ्या-वाईट दिवसांसाठी. आयुष्य, संस्था, राज्य यांच्याबद्दल तो आला तर ‘स्थित्यंतरं’ चालून जातं. ‘फेरे’ त्याहून जवळचा: नशिबाचे फेरे. पण हा शब्द पावसाला लावायचा नाही.

लेखनाबद्दल बोलायचं तर ‘स्थित्यांतर’ हे रूप इतकं पसरलं आहे की बरोबर रूपच चुकीचं वाटू लागलं आहे. फोड करून बघा. स्थिति + अंतर. इ पुढे अ आला की इचा य् होतो आणि पुढचा अ तसाच राहतो, म्हणून ‘स्थित्यंतर’. गति + अंतर = गत्यंतर, प्रति + अंतर = प्रत्यंतर, अति + अंत = अत्यंत. ‘अत्यांत’ असं कोणी लिहीत नाही, तोच न्याय इथे. चूक येते ती भाषांतर, स्थलांतर, रूपांतर यांच्या सवयीने; पण तिथे पहिला शब्द अकारान्त आहे, त्यामुळे अ + अ = आ होतो. सत्तांतर, अवस्थांतर यांत आधीच आ आहे. ‘अत्यावश्यक’मध्ये ‘त्या’ दिसतं ते पुढे ‘आवश्यक’चा आ आहे म्हणून. सुटा लिहिताना ‘स्थिती’ दीर्घ, समासात मूळचा ऱ्हस्व. तेही लक्षात असू द्या.

इथपर्यंतचं थोडक्यात: अंदाज लागत नाही हे सांगायचं असेल तर लहरीपणा, वर-खाली होतं आहे हे सांगायचं असेल तर चढउतार, किती होतं ते मोजायचं असेल तर अस्थिरता, एक पर्व संपून दुसरं आलं तर स्थित्यंतर.

‘चढउतार’बद्दल एकच टीप. जाहिराती आणि उपशीर्षकांत हल्ली ‘उतारचढाव’ येतं, ते हिंदीचं उलटवलेलं रूप आहे. मराठीत आधी चढ, मग उतार. आणि भाव फक्त घसरत चालला असेल तर त्याला चढउतार म्हणू नका, ‘घसरण’ म्हणा. पडत्या भावाला ‘चढउतार’ म्हणणं ही माहितीपत्रकांची सोयीस्कर सवय आहे. शेअर बाजाराच्या लेखनात ‘अस्थिरता’ हा मोजता येणारा गुण आहे. परताव्याच्या प्रमाण विचलनावरून, म्हणजे परतावा सरासरीपासून किती दूर जातो त्याच्या मापावरून, ती काढतात. तिथे ‘लहरीपणा’ लिहिलं तर विश्लेषण जाऊन तक्रार उरते. संख्याशास्त्रात ज्याला कसलाही क्रम नाही त्यासाठी ‘यादृच्छिक’ हा शब्द रुळला आहे. तो त्या वर्तुळाबाहेर न नेलेला बरा.

माणसाच्या हातून होणारे अनपेक्षित बदल हा वेगळा वर्ग आहे आणि मराठी इथे फारच श्रीमंत आहे. आज एक, उद्या दुसरं, परवा पुन्हा पहिलं, अशा धोरणाला ‘धरसोडीचं धोरण’ म्हणतात. इंग्रजी मजकुरात सरकारी धोरणांच्या ‘व्हेगरीज’ आल्या तर मी बहुतेक वेळा ‘धोरणातली धरसोड’ लिहितो. वाचकाला क्षणात कळतं, आणि शब्दातच सगळी हालचाल दिसते: धरलं, सोडलं. ‘मनमानी’ त्याहून वेगळी. मनमानी करणारा नियम मोडतो, पण तो दहा वर्षं एकाच पद्धतीने मोडू शकतो. त्याचा अंदाज बांधता येतो. लहरी माणसाचा तोही बांधता येत नाही. ‘तुघलकी’ म्हणजे अधिकारपदावरून अचानक लादलेला, परिणामांचा विचार न केलेला निर्णय. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला, म्हणजे देवगिरीला हलवली, त्या आठवणीवर हा शब्द जगतो आहे. तो टीकेचाच शब्द आहे, त्यामुळे तटस्थ अहवालात बसत नाही, आणि निसर्गाला तर लागतच नाही. मनाच्या बाबतीत ‘चंचल’ आहे. लक्ष्मीलाही तेच विशेषण पारंपरिक. पण ‘चंचल पाऊस’ म्हटलं की कविता सुरू होते.

एकदाच होणाऱ्या बदलांसाठी यांतलं काहीच नको. कथेला, सामन्याला, आयुष्याला दिशा बदलून मिळाली तर ‘कलाटणी’. सगळं वरचं खाली झालं तर ‘उलथापालथ’. आणि हातचं सगळं गेलं तर ‘होत्याचं नव्हतं झालं’, ज्याच्या जवळपास पोचणारं एकच नाम मला तरी माहीत नाही. ‘उलथापालथ’ बातम्यांत फार झिजली आहे. मंत्रिमंडळात दोन खात्यांची अदलाबदल म्हणजे उलथापालथ नव्हे.

काही शब्द दिसायला निरुपद्रवी असतात आणि नेमके तेच घात करतात. ‘अनियमितता’ घ्या. अर्थ ‘नियमाप्रमाणे नसणं’, म्हणून पावसाची अनियमितता ठीक. पण कार्यालयीन आणि वृत्तपत्री मराठीत या शब्दाला पैशांच्या गैरव्यवहाराचा वास लागलेला आहे. ‘संस्थेच्या उत्पन्नातील अनियमितता’ असं लिहिलंत आणि तुम्हाला ‘उत्पन्न कधी जास्त, कधी कमी येतं’ एवढंच म्हणायचं असेल, तर खजिनदार तुमच्याकडे खुलासा मागेल. ‘फेरफार’चंही तसंच. तो कोणीतरी जाणूनबुजून केलेला बदल. दस्तऐवजात केला तर गुन्हा, आणि जमिनीच्या नोंदीत ‘फेरफार’ ही रीतसर प्रक्रिया. आपोआप झालेल्या बदलाला तो कधीच लागत नाही.

तिसरा सापळा ‘हवामान बदल’. मराठीत रोजची हवा आणि दीर्घकालीन हवामान या दोन्हींसाठी ‘हवामान’ वापरतात, पण ‘हवामान बदल’ ही जोडी आता पृथ्वीच्या दशकानुदशकांच्या बदलासाठी पक्की झाली आहे. दुपारी आभाळ भरून आलं हा ‘हवामानातला बदल’, आणि अंदाज रोज चुकतो तो ‘हवामानाचा लहरीपणा’. तिघांत फरक ठेवला नाही तर ‘हवामान बदलामुळे आजची सहल रद्द’ अशी वाक्यं तयार होतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. इंग्रजी जे नामात कोंबतं ते मराठी पुष्कळदा वाक्यात मोकळं करून सांगते. ‘पावसाचा काही नेम नाही.’ हा ‘नेम’ म्हणजे ‘नियम’च, नित्यनेमातला. नेम नाही म्हणजे नियम नाही, म्हणजे अंदाज नाही. बदल, वारंवारता, अनिश्चितता, सगळं चार शब्दांत आलं, आणि मन असल्याचा आरोपही नाही. रचना सोपी: षष्ठीतलं नाम, मग ‘काही नेम नाही’. गोष्ट लांब असेल तर ‘कधी काय बोलेल याचा नेम नाही’. ‘भरवसा नाही’ याच्याशी त्याची सरमिसळ करू नका. ‘पावसाचा नेम नाही’ हे पावसाबद्दलचं निरीक्षण आहे. ‘पावसाचा भरवसा नाही’ म्हटलं की पावसावर विसंबून असलेला माणूस वाक्यात येतो. शेतकऱ्याच्या बाजूने लिहायचं असेल तर दुसरं जास्त बोलकं. विशेषण हवं तर ‘बेभरवशाचा’. इथे ‘भरवसा’चं सामान्यरूप होताना स चा श होतो, म्हणून ‘बेभरवसाचा’ नको.

आणि नेमकं काय झालं हे माहीत असेल, तर लहरीपणाही लिहू नका. पावसाच्या एकेका लहरीला मराठीत स्वतंत्र नाव आहे. येण्याची वेळ झाली आणि आला नाही, तर त्याने ‘ओढ दिली’. सुरू होऊन गायब झाला, तर ‘दडी मारली’. आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि कोरडंच गेलं, तर ‘हुलकावणी दिली’. चालू पावसात थोडं थांबून ऊन पडलं, तर ‘उघडीप दिली’. ही पिकाला पुष्कळदा हवीच असते, म्हणून तिला खंड म्हणू नका. हंगामातच मोठी कोरडी फट पडली तर ‘खंड’. हंगाम सोडून भलत्याच वेळी आला, तर ‘अवकाळी’. जिथे यांतला एक शब्द बसतो तिथे ‘लहरीपणा’ हा आळशी पर्याय ठरतो.

यावरून तुमचं वाक्य ठरवता येईल. मजकूर संपूर्ण हंगामाबद्दल असेल आणि त्यात ओढ, खंड, अवकाळी असं सगळंच झालं असेल, तर ‘पावसाच्या लहरीपणामुळे पिकाचा अंदाज चुकला’ हे तसंच परत लिहून द्या. एकाच घटनेमुळे अंदाज चुकला असेल तर ती घटना दिवसांसकट सांगा: ‘पेरणी झाली आणि पावसाने वीस दिवस दडी मारली, पिकाचा अंदाज तिथेच चुकला.’ मथळ्याला जागा कमी असेल तर ‘पाऊस लहरी, अंदाज चुकला’ पुरेसं आहे. ‘स्थित्यंतर’ मात्र तुमच्याच लेखाच्या पुढच्या भागासाठी राखून ठेवा, जिथे त्या भागातले लोक कोरडवाहू पिकं सोडून बागायतीकडे वळले असं तुम्ही लिहिलं आहे. तिथे तो शब्द चपखल बसेल, फक्त ‘त्य’वर काना देऊ नका.